वाशीचे मैदान आणि एक जूनची मुले

ठाणे स्टेशनच्या दहा नंबरच्या फलाटावर रविवारी सकाळी सव्वासहाला आम्ही उभे होतो तेव्हा आमच्याजवळ पाच मुले, दोन फुटबॉल, चपाती-बटाट्याचा एक डबा आणि एक प्लास्टिकची फाईल एवढा ऐवज होता. मुलांना डब्याची काळजी होती, आम्हाला फाईलची. फाईलमध्ये जन्माचे दाखले, शाळेची बोनाफाईड सर्टिफिकिटे, आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि प्रत्येकाचे चार-चार फोटो होते. वाशीला एका फुटबॉल अकादमीत तेरा वर्षांखालील मुलामुलींची निवड चाचणी होती, आणि आमच्या विहारातील दोन मुली व तीन मुलगे तिला निघाले होते.

ही मुले विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन वर्षे खेळत आली आहेत. जागा ती केवढी? दोन रिक्षा आणि पाण्याची टाकी सोडून उरेल तेवढी. एका बाजूला गटार, एका बाजूला विहाराची भिंत. भिंतीला चेंडू लागला की आत वंदनेला बसलेल्या आजी ओरडतात, म्हणून मुलांनी आपणच नियम केला आहे की भिंतीला लागला तर गोल बाद. अशा मैदानावर वाढलेल्या मुलांचे पाय फार चपळ होतात, परंतु लांब मारायची त्यांना सवय नसते. हे आम्हाला त्या दिवशी दुपारपर्यंत कळायचे होते.

पाचही जणांच्या अंगात चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे निळे टी-शर्ट होते. दुसरा एकसारखा पोशाख आमच्याकडे नव्हता, आणि हा काही कमी प्रतीचा आहे असे कुणाला वाटलेही नाही.

ठाणे-वाशी रेल्वे प्रवाशांसाठी सुरू झाली ती २००४ साली. त्यापूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्याने बसने हाडे खिळखिळी करीत जावे लागे, नाहीतर कुर्ल्याला जाऊन हार्बरची गाडी पकडावी लागे. आता अर्ध्या तासाचा प्रवास आहे. मात्र खिडकीशी बसून नीट पाहिले तर त्या अर्ध्या तासात बरेच काही दिसते. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी औद्योगिक वसाहत. उजव्या हाताला सिडकोने आखलेली घरे, रुंद रस्ते, त्यापलीकडे खाडी. डोंगरात दगडखाणी फोडल्या गेल्या आणि त्या दगडावर उजवीकडचे शहर उभे राहिले. खाणीत आणि कारखान्यांत राबायला दुष्काळाने गाव सोडलेली मराठवाड्याची, विदर्भाची माणसे आली. त्यांत वडार होते, आपले बांधवही होते. ती राहिली डाव्या बाजूला, डोंगराच्या कुशीत, पत्र्याखाली. रूळ मध्ये आहेत. मैदानांची आखणी मात्र रुळांच्या उजवीकडे अधिक झाली.

दिघा गाव हे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये उघडले, तोवर तिथल्या लोकांना गाडी नुसती समोरून जाताना दिसे. पुढे ऐरोली. इथे महापालिकेने बाबासाहेबांचे स्मारक आणि ग्रंथालय उभारले आहे. मुलांनी ते शाळेच्या सहलीत पाहिले होते, त्यामुळे त्यांनी आम्हाला तिथली माहिती दिली, आम्ही त्यांना नाही. मग रबाळे, मग घणसोली. घणसोलीला रिलायन्सच्या आवारात २०१५ पासून फुटबॉलची निवासी अकादमी आहे. देशभरातून निवडलेल्या मुलांचे राहणे, शिक्षण आणि प्रशिक्षण तिथे शिष्यवृत्तीवर होते, आणि तिथून निघालेली मुले इंडियन सुपर लीगच्या संघांत गेली आहेत. हे ऐकल्यावर आमचा डावऱ्या, म्हणजे डाव्या पायाने खेळणारा मुलगा, खिडकीतून मागे पडणाऱ्या स्टेशनकडे मान वळवून पाहत राहिला. तिथे स्टेशनवरून काही दिसत नाही. तो तरीही पाहत होता.

कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, आणि गाडी वाशीला आली.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, आणि तिने वसविलेल्या पहिल्या भागांपैकी वाशी. आगरी-कोळ्यांच्या जमिनी घेऊन हे शहर झाले आणि त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरण भागात लोकांनी गोळ्या झेलल्या, हे इथल्या चकचकीत मॉलमध्ये फिरताना कुणाच्या ध्यानात येत नाही. १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल इथे आली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महापालिकाही झाली. त्या काळात आम्ही एकदा इथे आलो होतो तेव्हा स्टेशनबाहेर नुसता वारा होता. आता रिक्षासाठी रांग लावावी लागते.

फुटबॉलच्या दृष्टीने हा भाग महाराष्ट्रात पुढारलेला म्हणावा लागेल. वाशीच्या सेक्टर ९-अ मधील फादर ॲग्नेल शाळेचे मैदान फुटबॉलसाठी ओळखले जाते. हार्बर मार्गाने थोडे पुढे गेले की नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात सुरू झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी इथे न्यूझीलंड-तुर्कस्तान आणि पॅराग्वे-माली हे सामने झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम केला होता. आमच्या शेजारच्या शाळेलाही त्यानिमित्ताने फुटबॉल मिळाले. ते फुटले तेव्हा नवे कुणी दिले नाहीत, ही गोष्ट वेगळी. पुढे ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही याच स्टेडियममध्ये झाला. स्पेनने कोलंबियाला एका गोलने हरविले. तो आम्ही विहाराच्या टीव्हीवर पाहिला आणि आमच्या दोन मुलींनी दुसऱ्या दिवसापासून मुलग्यांच्या खेळात घुसायला सुरुवात केली. आज फाईलमध्ये त्यांचे दाखले होते ते त्या सामन्यामुळे.

चाचणीचे मैदान स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर होते. अकादमीचे नाव इथे देत नाही, कारण आमचे म्हणणे कुणा एका संस्थेबद्दल नाही. हिरवेगार कृत्रिम गवत, भोवती जाळी, फाटकाशी टेबल. टेबलापुढे दीडशेच्या आसपास मुले आणि त्यांचे पालक. बहुतेक मुलांच्या पायांत रंगीत बूट. आमच्या पाचांपैकी तिघांकडे बूट होते; उरलेल्या दोघांनी ते आळीपाळीने घालायचे असे गाडीतच ठरले होते.

टेबलावर एक तरुण बसला होता, वागायला सभ्य. चौघांचे कागद त्याने पाहिले आणि नंबर दिले. डावऱ्याच्या कागदांवर थांबला.

“जन्माचा दाखला?”

“हाच की सर. बोनाफाईड.”

“हा शाळेचा झाला. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा लागतो.” मग तारखेवर बोट ठेवून तो जरासा हसला. “१ जून २०१४. सकाळपासून एक जूनवाला हा सातवा.”

एक जून म्हणजे काय हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आमची स्वतःची तारीखही एक जूनच. शाळेत नाव घालताना आई सांगे, पोळ्याच्या आगेमागे झाला, मोठा पूर आला होता त्या साली. गुरुजी वय बसेल असा एक जून लिहून मोकळे होत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई. आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस एका दिवशी असे. पण २०१४ साली जन्मलेल्या मुलाचाही एक जून? तर त्याची हकिकत अशी की, डावऱ्याचे आईबाप जालना जिल्ह्यातून भिवंडीकडे वीटभट्टीवर आले होते आणि तो भट्टीवरच्या झोपडीत जन्मला. सुईण भट्टीवरचीच. पावसाळ्यापूर्वी भट्टी बंद झाली, कुटुंब ठाण्याला आले, नोंद करायची राहिली. पुढे शाळेने विचारले तेव्हा आईने अंदाजाने सांगितले आणि शाळेने एक जून टाकला.

आम्ही रागावलो, आवाजही चढवला. मुलगा समोर उभा आहे, बारावे चाललेय की नाही ते दिसतेय, खेळू तर द्या. तो तरुण शांतपणे म्हणाला, “काका, खेळू देईन. पण उद्या निवडला गेला तर महासंघाच्या कॉम्प्युटरवर त्याची नोंद होणार नाही. मग त्याला आणखी वाईट वाटेल.”

राग ओसरल्यावर विचार केला तेव्हा नियम चुकीचा आहे असे आम्हाला म्हणता येईना. वय चोरणे हा आपल्याकडील बालखेळांना लागलेला जुना रोग आहे. पंधरा वर्षांचा दांडगा मुलगा बारा वर्षांच्यांत उतरवायचा, चषक जिंकायचा आणि खऱ्या बारा वर्षांच्या मुलाला बाकावर बसवायचे. म्हणून २००९ च्या विश्वचषकापासून जागतिक फुटबॉल महासंघ सतरा वर्षांखालील मुलांच्या मनगटाची एमआरआय तपासणी करतो. आपल्याकडेही मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचे वय काढतात. त्यातला काच असा की, ज्याच्याकडे रुग्णालयाचा कागद आहे त्याला नियमाचा त्रास नाही, आणि ज्याचा जन्म भट्टीवर, खाणीवर, उसाच्या फडात झाला त्याच्यावर आधी संशय. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, जिथे जन्म झाला त्या ठिकाणी. वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्माचा दाखला हाच पुरावा धरला जाणार आहे. आपल्या घरी लहान मूल असेल तर हे वाचून होताच त्याचा कागद कपाटातून काढून पाहावा. नाव, आडनाव, आईचे नाव, तारीख, सगळे.

डावऱ्याला खेळू दिले. तो त्या दिवशी सर्वांत चांगला खेळला असे लिहायला आम्हाला आवडले असते, पण तसे झाले नाही. मन नव्हते त्याचे. दोन वेळा चेंडू पायाखालून निसटला आणि एकदा तर तो भिंत आहे असे समजून थबकला.

चाचणी वीस-वीस मिनिटांची होती. आधी कोनांमधून चेंडू नेणे, मग एकमेकांना पास देणे, शेवटी सात-सात जणांचा सामना. निळ्या टी-शर्टावर नंबरांच्या जाळीदार बंड्या चढल्या आणि आमची मुले गर्दीत मिसळून गेली. जवळच्या जवळ खेळात ती कुणाला हार जात नव्हती. पण मैदान मोठे मिळाल्याबरोबर गोंधळली. मोकळ्या जागेत धावायचे असते, चेंडू आपल्याकडे येण्याआधी मान वर करून पाहायचे असते, हे गटार आणि भिंत यांच्यामध्ये कोण शिकविणार?

शेवटी यादी लागली. पाचांत एक नाव. आमची पुतणी, गोलकीपर. आम्हाला वाटले होते ती येईल शेवटची, कारण आम्हीच तिला गोलात उभी केली होती, मुलगी म्हणून. भिंतीवरून उसळणारे चेंडू अडवून तिचे हात भलतेच तयार झाले होते. अकादमीने तिची फी निम्मी माफ केली. उरलेली निम्मी महिन्याला तेराशे, वर गाडी-रिक्षा, आणि आठवड्यातून चार संध्याकाळी तिच्याबरोबर कुणीतरी मोठे माणूस. परत यायला साडेआठ होणार. तिची आई दोन घरी स्वयंपाक करते, त्याच वेळी. ही बेरीज कागदावर मांडायला फार वेळ लागत नाही. आम्ही “कळवतो” म्हणालो.

दुपारी सागर विहारला खाडीकाठी बसून डबा खाल्ला. पलीकडे मुंबई धूसर दिसते, पुलावरून गाड्यांची रांग, हिवाळ्यात इथे रोहित पक्षी येतात. मुले गप्प होती. पुतणी तर अपराध केल्यासारखी बसली होती, चपाती तिने डावऱ्याला दिली. त्याने घेतली नाही. मग घेतली.

एका परिचितांनी सांगितले होते की तुर्भ्याच्या बाजूचा एक तरुण वाशीत मुलांना फुकट फुटबॉल शिकवतो, जमले तर भेटा. चार वाजता गेलो. मैदान म्हणजे एका सेक्टरमधले सार्वजनिक मोकळे मैदान, लाल मातीचे, अर्ध्यात क्रिकेट चाललेले. बाजूलाच एक जाळी लावलेले टर्फ होते, तिथे तासाला बाराशे रुपये भाडे, असे मुलांनीच सांगितले. मातीवर चाळीसएक मुले होती आणि त्यांनी आम्हाला पाहताच, टी-शर्ट पाहून असेल, “जयभीम काका” म्हटले. गाडीतून उतरल्यापासून पहिल्यांदा मुलांचे चेहरे सैल झाले.

तो तरुण बाजार समितीत काम करतो. वडील माथाडी, पाठीवर गोणी वाहून निवृत्त झालेले. पहाटे तीनला कामावर, दुपारी झोप, चार वाजता मैदान. स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळला, गुडघा गेला, मग प्रशिक्षकाचा पहिला परवाना घेतला. त्याची शिकवण्याची रीत आम्ही तासभर पाहिली आणि सकाळी न कळलेल्या काही गोष्टी उलगडल्या.

त्याने चाळीस मुलांचे मोठे सामने लावले नाहीत. चपला ठेवून आठ छोटी मैदाने केली, प्रत्येकावर इकडे तीन, तिकडे दोन मुले. “अकरा-अकरा खेळवले की चेंडू चौघांनाच मिळतो, काका. बाकीचे धावतात आणि घरी जातात,” तो म्हणाला. “लहान मुलाला चेंडू लागला पाहिजे. शंभरदा चुकला पाहिजे.” बारा वर्षांखालच्यांना तो लहान, चार नंबरचा चेंडू देतो, मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू चारशे दहा ते चारशे पन्नास ग्रॅमचा असतो, तो कोवळ्या पायाला जड. डोक्याने चेंडू मारणे त्याने लहानांना बंद केले आहे. इंग्लंड-अमेरिकेतही लहान मुलांना आता ते शिकवत नाहीत. मुलेमुली एकत्र खेळतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ पासून ज्या ‘बेबी लीग’ सुरू केल्या त्यांतही तशी मुभा आहे, आणि त्या भरवायला स्टेडियम लागत नाही, मोहल्ल्यातले पालकही भरवू शकतात. हे आम्हाला ठाऊक नव्हते. आपल्या किती विहारांना, मंडळांना ठाऊक आहे?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याने निघताना सांगितली. त्याच्याकडे सहा वर्षे शिकलेला एक मुलगा गेल्या वर्षी एका मोठ्या अकादमीने नेला. “आनंदच झाला. पण कागदावर त्याचा पहिला क्लब म्हणून नाव लागले त्यांचे. आमचा क्लब नोंदलेलाच नाही ना. आम्ही म्हणजे नुसती मैदानावरची पोरं.”

यातील व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. २००१ पासून जागतिक महासंघाचा नियम असा की, खेळाडू मोबदला घेऊन एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात गेला तर त्या रकमेतील पाच टक्के वाटा, तो बारा ते तेवीस या वयात ज्या क्लबांत घडला त्यांना द्यायचा. बारा ते पंधरा या चार वर्षांचा वाटा प्रत्येकी पाव टक्का. समजा बदली एक कोटीची झाली, तर ही चार वर्षे सांभाळणाऱ्या वस्तीतल्या क्लबाचे लाख रुपये होतात. लाखात चेंडू, बूट, मैदानाचे भाडे, कितीतरी वर्षांचे निघेल. आपली मुले उद्याच परदेशात विकली जाणार आहेत असे आमचे म्हणणे नाही. हजारांत एखादे जाईल. पण पहिल्यांदा पायात चेंडू देणाऱ्याच्या श्रमाला जगाच्या कायद्यात किंमत आहे, आणि ती त्यालाच मिळते ज्याचे नाव रजिस्टरात आहे. भट्टीवरच्या मुलाला दाखला नाही, माथाड्याच्या मुलाच्या क्लबाला नोंद नाही. दोघांचे दुखणे एकच.

हे नवे नाही. पालवणकर बाळूंची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीवर रोलर फिरवायला ठेवलेला चांभाराचा मुलगा, गोऱ्या साहेबांना सरावाला चेंडू टाकता टाकता देशातला पहिल्या प्रतीचा गोलंदाज झाला. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर जाऊन शंभरावर बळी घेऊन आला. आपल्याच संघातले सवर्ण त्याला चहा मातीच्या भांड्यात, बाहेर देत. गुणाबद्दल शंका कुणालाच नव्हती, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते पुढे धाकट्या भावाच्या, विठ्ठलच्या वाट्याला आले. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, त्यावर आजही घरोघर वाद होतात. तो वाद आज नको.

उलट बाजूही पाहावी. कोल्हापुरात फुटबॉल कुणा कंपनीने वाढवला नाही, पेठांनी वाढवला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही कुस्तीच्या मातीतून आलेली नावे आज फुटबॉल संघांची आहेत, आणि सामना राजर्षी शाहूंच्या नावाच्या स्टेडियमवर होतो. पेठेतला भाजीवालाही आपल्या तालमीसाठी वर्गणी काढतो. तिथलाच रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला. नागपूरला हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात मोडकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. त्या कामावर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ साली आला. जयंतीची मिरवणूक आणि बाबासाहेबांची तसबीर एवढ्या मोठ्या पडद्यावर पाहून आपण टाळ्या वाजविल्या. टाळ्या वाजवून आम्हीही घरी आलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

आणि दूरचे पाहायचे तर आइसलँड. साडेतीन लाखांच्या आत-बाहेर वस्ती, वर्षातले कित्येक महिने बर्फ. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या अकरा लाख वीस हजार होती, म्हणजे तीन आइसलँड होतील. त्या देशाने छप्पर असलेली मैदाने बांधली, सहा वर्षांच्या पोरांनाही परवानाधारक, पगारी प्रशिक्षक दिले, ते गावच्या क्लबात. २०१६ साली त्यांनी इंग्लंडला हरविले आणि २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला बरोबरीत रोखले. त्यांचा प्रशिक्षक पेशाने दंतवैद्य होता. आमच्या बाजारातल्या तरुणाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “दात बघायला सकाळी तीनला उठावं लागत नसेल.”

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. तुर्भ्यापर्यंत आमचे आपसात ठरले की विहाराच्या पुढच्या बैठकीत दोन विषय ठेवायचे. जयंतीच्या वर्गणीतून यंदा डीजेला जाणारी रक्कम अर्धी करून क्लबाची रीतसर नोंदणी करायची, आणि पुतणीला वाशीला आणण्या-नेण्याची पाळी लावायची. सोमवार आमचा, बुधवार ग्रंथपाल ताईंचा, उरलेल्या दोन दिवसांना माणसे शोधायची. डीजेच्या विषयावर तरुण मंडळी भांडणार हे आम्हाला दिसतेच आहे. भांडोत. डावऱ्यासाठी शुक्रवारी रजा काढून भिवंडीकडच्या त्या ग्रामपंचायतीत जायचे. भट्टी आता नाही, तिथे गोदामे झाली आहेत. सुईणबाई जिवंत आहेत असे त्याची आई म्हणते.

रबाळ्याला फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या डावऱ्याने विचारले, “काका, मग माझा वाढदिवस खरा कधी?”

आम्ही त्याच्या आईला फोन लावला. ती कामावर होती, हळू बोलत होती. म्हणाली, होळी होऊन आठ दिवस झाले होते, अजून अंगणात राख होती. पुतणीने मोबाईलवर २०१४ चे कॅलेंडर काढले. होळी १६ मार्चला. आठ दिवस धरले तर २४ मार्च.

डावऱ्या बोटांवर मोजत राहिला. ऐरोली गेले, दिघा गाव आले.

“म्हणजे जयंतीच्या बरोबर तीन आठवडे आधी,” तो म्हणाला, आणि ठाणे येईपर्यंत त्याने ती तारीख तीनदा पुन्हा विचारून घेतली.